वकीलपत्रावरची राहिलेली सही

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी शोकप्रस्ताव लिहून द्या, असे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीने मला, म्हणजे संस्थेच्या सचिवाला, सांगितले, तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या. त्यांत ‘अपरिमित हानी’ आणि ‘पोकळी’ हे दोन्ही शब्द आल्याचे पाहून मी तो कागद फाडला. आमच्या वकीलसाहेबांनी तो मसुदा पाहिला असता तर ‘पोकळी म्हणजे कोणत्या बाजूने किती फूट?’ असे विचारून पेन्सिलने रेघ मारली असती. त्यांच्या मृत्यूनंतर आमच्या एका दाव्याचे काय झाले, ते का झाले आणि त्यात कोणाचा किती वाटा होता, हे क्रमाने लिहून ठेवणे त्यांना जास्त रुचले असते, असे वाटल्यावरून हे टिपण केले आहे. त्यांचे नाव येथे घालत नाही, कारण अशिलाच्या कागदात वकिलाने मिरवू नये असे त्यांचे मत होते. मी शाळेपासून त्यांना अरेतुरे करत असे, समितीसमोर मात्र ‘वकीलसाहेब’ म्हणत असे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या दुहेरी नात्यात आहे.

आमची इमारत नौपाड्यातली, १९८६ साली बांधलेली, बत्तीस सदनिकांची. संस्थेची नोंदणी १९८८ ची. १९६३ च्या मोफा कायद्याखालील, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याखालील, नियमांप्रमाणे, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचे आणि इमारतीचे अभिहस्तांतरण करून द्यायचे, म्हणजे मालकी संस्थेच्या नावे करायची असते. ठाण्यातल्या असंख्य सोसायट्यांप्रमाणे आमच्याही बिल्डरने ते केले नाही आणि नंतर तो दिसेनासा झाला. २००८ च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय आदेशावर होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाल्यावर जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मधला अर्ज वकीलसाहेबांनीच तयार केला आणि आदेशही मिळवला. त्या आदेशावर पुढे मुद्रांकाचा अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणे, आणि दस्तनोंदणी एवढे काम उरले होते. त्याला जोडूनच दुसरे प्रकरण चालू होते. इमारतीच्या मागच्या अंगाची सुमारे सहा फुटांची पट्टी आपली आहे असे शेजारच्या भूखंडाचे मालक म्हणत होते आणि त्यांना तेथे भिंत घालण्यापासून रोखण्यासाठी आम्ही ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला होता, न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवले होते, साक्षीदार म्हणून माझे सरतपासाचे, म्हणजे आमच्या बाजूच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र दाखल झाले होते आणि माझा उलटतपास व्हायचा होता.

जुलैमध्ये, भर पावसात, वकीलसाहेब गेले. एक अँजिओप्लास्टी आधीच झाली होती, दुसऱ्यांदा रुग्णालयात दाखल झाले ते घरी आलेच नाहीत. जवाहरबाग स्मशानभूमीत कोर्ट नाक्यावरचे निम्मे वकील छत्र्या मिटून उभे होते. मी तेथेच होतो, पुढे दहाव्यालाही होतो, तेराव्यालाही. या सगळ्या दिवसांत दाव्याची पुढची तारीख कोणती, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. त्यांच्या ज्युनिअर बाई चार वर्षे त्यांच्या हाताखाली काम करत होत्या. ज्या प्रकरणांच्या वकीलपत्रावर, म्हणजे अशिलाने वकील नेमल्याच्या कागदावर, त्यांचेही नाव होते त्या अशिलांना त्यांनी पहिल्या आठवड्यातच फोन केले. बाकीच्यांपैकी ज्यांचे क्रमांक मिळाले त्यांनाही कळवले. मला मात्र कळवले नाही, कारण मी तर साहेबांचा जिवाभावाचा मित्र, चितेजवळ उभा असलेला, मला तारीख ठाऊक असणारच, असे त्यांनी धरले. मीही बाई आहेत, त्या पाहतील, असे धरून बसलो. मित्र म्हणून मी इतका जवळचा होतो की अशील म्हणून माझी नोंद घ्यायचे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

कायद्याची स्थिती येथे समजून घ्यायला हवी, कारण ती मलाही तोवर माहीत नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र अशिलाच्या किंवा वकिलाच्या मृत्यूने आपोआप संपते. त्यांच्या कचेरीतला दुसरा वकील केवळ त्या कचेरीत बसतो म्हणून आमच्यातर्फे उभा राहू शकत नाही, त्याला नवे वकीलपत्र लागते. पक्षकार वारला तर त्याची खबर न्यायालयाला देण्याचे कर्तव्य आदेश २२, नियम १०-अ ने वकिलावर टाकले आहे. वकीलच वारला तर अशिलाला कोण सांगणार, याबद्दल मात्र त्या नियमात काही नाही. वकीलसाहेबांच्या लक्षात ही विसंगती नक्कीच आली असणार आणि त्यावर त्यांनी मिसळ खाताना एखादा फटकारा मारला असणार, पण मला तो आठवत नाही.

न्यायालयाच्या रोजनाम्यावरून, म्हणजे तारखेगणिक होणाऱ्या नोंदींवरून, पुढे जे कळले ते असे. मृत्यूनंतरच्या पहिल्या तारखेला दुसऱ्या एका वकिलांनी न्यायालयाला बातमी सांगितली आणि न्यायाधीशांनी वादीला नवा वकील देण्यासाठी पुढची तारीख दिली. त्या तारखेला आमच्यातर्फे कोणी नव्हते, तरी आणखी एक संधी मिळाली. सप्टेंबरमधल्या तिसऱ्या तारखेला प्रतिवादी आणि त्यांचे वकील हजर, आम्ही गैरहजर, म्हणून आदेश ९, नियम ८ खाली दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. न्यायालयाला यात दोष देता येणार नाही, दोनदा थांबले होते. ई-कोर्ट्सच्या व्यवस्थेतून प्रत्येक तारखेचा संदेश गेला होता, तोही वकीलसाहेबांच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल चार्जिंग संपून त्यांच्या घरातल्या खणात पडून होता. त्यांची तारखांची डायरी रुग्णालयात नेलेल्या पिशवीत, टॉवेल आणि चष्म्याच्या घरासोबत, तशीच गाठ मारून ठेवलेली होती.

आम्हाला दावा गेल्याचे कळले ते न्यायालयाकडून नव्हे, तर वाळूकडून. ऑक्टोबरात एका सकाळी मागच्या पट्टीवर वाळूचा एक ट्रक आणि विटांचा एक ट्रक रिकामा झाला. मनाई असताना ही हिंमत कशी, म्हणून मी तावातावाने चरईतल्या कचेरीत गेलो. ज्युनिअर बाईंनी दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाने दिलेला ओळखक्रमांक, मोबाइलमध्ये घातला, पडद्याकडे दोनदा पाहिले आणि तो माझ्यापुढे धरला. दावा निकाली निघाला होता, त्याबरोबर तात्पुरती मनाईही संपली होती. त्या दिवशी एकेचाळीसावा दिवस होता. असा दावा पुन्हा घेण्यासाठी आदेश ९, नियम ९ खाली अर्ज करायचा असतो आणि मुदत कायद्याप्रमाणे त्याला तीस दिवस मिळतात.

मग कपाट उघडले. लोखंडी कपाटात फायली उभ्या लावलेल्या, प्रत्येकीला पांढरी नाडी, कण्यावर वर्ष आणि अशिलाचे आडनाव. आमची फाइल काढायला मी हात घातला तेव्हा तिच्या शेजारी आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाच्या आडनावाची जाड फाइल दिसली आणि ‘यांचे काय चालू आहे?’ असे माझ्या तोंडून निघाले. बाईंनी काही न बोलता ती फाइल आत सरकवली आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करायची नाही, आणि वकील-अशील हे नाते संपल्यावरही हे बंधन राहते. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. मला कलमापेक्षा दुसरेच जाणवले. फाइलीच्या कण्यावरचे वर्ष अकरा वर्षांपूर्वीचे होते. अकरा वर्षे मी या माणसाबरोबर तलावपाळीला फेऱ्या मारल्या, इमारतीतल्या प्रत्येक घराबद्दल बोललो, त्या घराबद्दलही कित्येकदा बोललो असेन, आणि त्यांनी एकदाही ‘हो, ते माझ्याकडे येतात’ एवढेसुद्धा सांगितले नव्हते.

आमच्या फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलने चार रकाने आखले होते. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात काय झाले, तिसऱ्यात पुढे काय, चौथ्यात कोणास कळवले. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेले. चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी माझे किंवा अध्यक्षांचे नाव आणि कळवल्याची तारीख होती. शेवटच्या ओळीत तारीख होती, पुढे ‘साक्षीदार १ उलटतपास’ असे होते आणि चौथा रकाना मोकळा होता. त्याच आठवड्यात ते दाखल झाले होते. पण माझे लक्ष त्याच्या वरच्या ओळींवर अडकले. आधीच्या वर्षीच्या एका तारखेसमोर लिहिले होते: ‘नवे वकीलपत्र, ज्यु. सह. सचिवांकडे दिले.’ खाली दोन महिन्यांनी: ‘सही बाकी. आठवण केली.’ त्याच्याही खाली: ‘पुन्हा.’

मी घरी येऊन विजेच्या बिलांचा खण उपसला. वकीलपत्र तेथेच होते. त्यावर वकीलसाहेबांचे आणि ज्युनिअर बाईंचे अशी दोन्ही नावे होती, वकील कल्याण निधीचे तिकीट लावलेले होते आणि वर टाचणीने अडकवलेली चिठ्ठी होती: ‘दोघांच्या सह्या, संस्थेचा शिक्का. घाई नाही, पण उशीरही नको.’ सही का राहिली, याची कारणे सांगता येतील. अध्यक्ष तीन महिने मुलाकडे परदेशी होते, ते आले तेव्हा गणपती होते, मग लिफ्टचे काम निघाले. खरे कारण वेगळे आहे आणि ते सांगायला मला आजही अवघड जाते. पहिल्या अँजिओप्लास्टीनंतर महिन्याभरात त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला होता. त्यावर सही करणे म्हणजे ते जाणार हे मान्य करणे, असे मला वाटले. मित्र म्हणून ते समजण्यासारखे आहे. सचिव म्हणून ती हयगय आहे. त्यावर सही झाली असती तर बाई पहिल्याच तारखेला आमच्यातर्फे उभ्या राहिल्या असत्या आणि पुढचे काहीच घडले नसते.

विलंब माफीचा अर्ज तयार होऊ लागला तेव्हा या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. अशा अर्जांचा एक ठरलेला नमुना कोर्टात फिरत असतो: ‘वकिलांनी अर्जदारास तारीख कळवली नाही, वकिलांच्या चुकीची शिक्षा पक्षकारास होऊ नये.’ त्याला आधारही आहे. १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या गैरहजेरीची झळ निरपराध पक्षकाराला लागू नये असे म्हटले आहे. एका हितचिंतकाने मला सरळ सल्ला दिला, ‘काका, गेलेल्या माणसावर ढकला. तो काही उत्तर द्यायला येत नाही, आणि कोर्ट लगेच माफ करतं.’ सल्ला व्यवहाराचा होता, समितीतल्या दोघांना पटलाही होता. बाईंनी मात्र मसुद्यात ते वाक्य घातले नव्हते, आणि मीही घालू दिले नसते. त्यांचे म्हणणे दुहेरी होते. एक तर ते खोटे आहे आणि प्रतिज्ञापत्रावर सही माझी होणार. दुसरे, ते कच्चेही आहे, कारण समोरचे वकील रोजनामा दाखवतील आणि विचारतील की वकिलांच्या मृत्यूनंतरच्या तीन तारखांना मृत वकिलांची चूक कशी? मग खरे लिहावे तर संस्थेचाच निष्काळजीपणा कबूल होतो, ही भीती होती. शेवटी त्यांनी लिहिले ते असे: वकिलांनी प्रकृतीच्या कारणाने सहवकिलांची व्यवस्था सुचवली होती, वकीलपत्र तयार करून दिले होते, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडून त्यावर सही होण्यास विलंब झाला, वकिलांच्या निधनानंतर तारखांची माहिती संस्थेपर्यंत पोचली नाही आणि ती मिळताच आठव्या दिवशी हा अर्ज केला आहे. एकूण विलंब अठरा दिवसांचा.

सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा होता. तो मागण्यासाठी वहिनींकडे जाताना माझे पाय जड झाले होते. वहिनींनी मला बसवले, चहा ठेवला आणि आतून एक पाकीट आणले. त्यात महानगरपालिकेच्या दाखल्याच्या झेरॉक्स प्रती होत्या. ‘बँकेला दोन लागल्या, विम्याला एक. बाकीच्या तुमच्यासारख्यांना लागतील म्हणून काढूनच ठेवल्यात,’ त्या म्हणाल्या. मग मोबाइल दाखवला. त्यांनी तो त्याच आठवड्यात चार्ज केला होता आणि पडद्यावर न्यायालयाचे संदेश एकाखाली एक आले होते, कित्येक दाव्यांचे, त्यांत आमचेही तीन. ‘हे कोणाला सांगायचं ते मला कळेना हो,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा तो मोबाइल काही दिवस बाईंकडे देण्याचे ठरले. बाईंनी त्यावरून यादी केली, कपाटातल्या प्रत्येक फाइलीसाठी अशिलाला बोलावले आणि पावती घेऊन फाइल हवाली केली. कोणाची फी बाकी होती काय, हा प्रश्न त्यांनी मध्ये आणला नाही. थकीत फीसाठी वकिलाला फाइल अडकवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. आमच्या वकीलसाहेबांच्या कचेरीत बहुधा त्या निकालाची गरज पडली नसती. ते मित्रांकडूनही फी घेत आणि छापील पावती देत. ‘फुकट वकील मिळाला की अशील कागद वाचत नाही,’ हे त्यांचे वाक्य मी कित्येक वेळा ऐकले आहे. मी फी देत होतो, तरीही कागद वाचत नव्हतो, एवढाच फरक.

पैशांची शंका सभेत निघालीच. डीम्ड कन्व्हेयन्सच्या मुद्रांक आणि नोंदणीसाठी सभासदांकडून वर्गणी काढली होती, ती वकिलांकडे अडकली काय, असे एका सभासदांनी विचारले. प्रश्न गैर नव्हता, विचारण्याची तऱ्हा मात्र बोचरी होती. बँकेचे पासबुक सभेत दाखवले. सगळी रक्कम संस्थेच्याच खात्यात होती, कारण वकीलसाहेबांनी ती घ्यायलाच नकार दिला होता आणि चलन संस्थेच्या नावाने संस्थेनेच भरावे असे लेखी कळवले होते. ते पत्र इतिवृत्ताच्या वहीत चिकटवलेले निघाले. मीच चिकटवले होते आणि विसरलो होतो.

तीच रीत त्यांनी मृत्युपत्रांबाबत ठेवली होती. इमारतीतल्या दोन ज्येष्ठांची मृत्युपत्रे त्यांनी करून दिली, पण लिफाफा आपल्याकडे ठेवून घ्यायला साफ नाही म्हणाले. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, किंवा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सीलबंद लिफाफ्यात जिल्ह्याच्या निबंधकांकडे ठेवा, असे त्यांनी दोघांनाही सांगितले. त्यांतल्या एक आजी नाराज झाल्या होत्या. ‘तुमच्याइतका भरवसा सरकारचा नाही,’ असे त्या म्हणाल्यावर यांनी उत्तर दिले होते, ‘भरवसा ठेवा, पण कागद ठेवू नका. मीही मरणारच आहे, आजी.’ तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

अर्जाच्या सुनावणीला प्रतिवादीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे विरोध केला. ही काही खेड्यातली अडाणी मंडळी नव्हेत, ठाणे शहरातली नोंदणीकृत संस्था आहे, तिला सचिव आहे, मोबाइल आहे, रोजनामा घरबसल्या दिसतो, असे ते म्हणाले. त्यांतले प्रत्येक वाक्य खरे होते. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र वाचले, मृत्यूचा दाखला पाहिला आणि वकीलपत्राचा तो सही नसलेला कागद मागून घेतला. त्याची टाचणी आणि चिठ्ठी आम्ही काढली नव्हती. त्यांनी चिठ्ठीही वाचली. तीन हजार रुपये खर्च प्रतिवादीस द्यावा या अटीवर विलंब माफ झाला आणि दावा पुन्हा घेतला गेला. मनाईबद्दल वाद उरू नये म्हणून बाईंनी त्याच दिवशी स्वतंत्र अर्जही दिला. तोवर पट्टीवर भिंतीचे दोन थर चढले होते, ते आजही तसेच आहेत आणि त्यांचा निकाल दाव्याबरोबर लागेल.

खर्चाचे तीन हजार संस्थेच्या खात्यातून जाऊ नयेत, असे मी समितीला कळवले आणि ते मी भरले. अध्यक्षांना हे पसंत नव्हते, संस्थेच्या कामातली चूक संस्थेचीच, असे ते म्हणत होते. सभेत शोकप्रस्तावाची वेळ आली तेव्हा मी नवा मसुदा वाचला. त्यात वकीलसाहेबांनी संस्थेची कोणती कामे कोणत्या वर्षी केली ते होते, आणि शेवटी असे होते की सहवकिलांच्या नेमणुकीची लेखी सूचना त्यांनी निधनापूर्वी दिली होती, तिची अंमलबजावणी सचिवांकडून राहिली. हे इतिवृत्तात कशाला, असे दोघे-तिघे म्हणाले. पुढे कोणी पाहिले तर संस्थेविरुद्ध वापरतील, असाही मुद्दा निघाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता, पण हीच गोष्ट प्रतिज्ञापत्रावर आधीच गेली होती. सूचक म्हणून माझे नाव लागले, अनुमोदनासाठी थोडा वेळ कोणी हात वर केला नाही, मग मृत्युपत्रवाल्या आजींनी केला. सभा दोन मिनिटे उभी राहिली. त्यानंतरचा विषय पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा होता.